पिकअपच्या हौद्यात डिझेल-पेट्रोलचे कॅन कसे बांधावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन निघायला लागलं की आमची मळणी यंत्रं बुलढाणा जिल्ह्यात या गावाहून त्या गावाला फिरत असतात. शेत एकीकडे, पंप पंधरा किलोमीटरवर. त्यामुळे डिझेल पिकअपमधूनच न्यावं लागतं, आणि गवत कापायच्या यंत्रासाठी थोडं पेट्रोलही. नवा ड्रायव्हर कामावर आला की पहिल्या दिवशी जे सांगावं लागतं, आणि शेजारचे शेतकरी, पाहुणे, जनरेटरवाले, मंडपवाले जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र लिहिलं आहे.

भरलेला कॅन चांगला जड असतो. तो बांधायची गरज काय? जाऊन जाऊन जाणार कुठे?

३५ लिटरच्या कॅनमध्ये साधारण २९ किलो डिझेल बसतं. कॅनचं वजन धरलं तर ३० किलोच्या वर. उचलताना हे वजन जाणवतं, म्हणून वाटतं की तो जागचा हलणार नाही. पण पत्र्यावर ठेवलेल्या कॅनला धरून ठेवणारी गोष्ट एकच, बुडाचं घर्षण, आणि रंगवलेल्या पत्र्यावर ते फारच कमी असतं. त्यातून हौद्यात आधी सांडलेल्या डिझेलचा ओशटपणा असेल तर विचारूच नका. माल बांधण्याच्या युरोपीय मानकात हिशेब असा धरतात की जोरात ब्रेक लागला तर माल आपल्या वजनाच्या ८० टक्के एवढ्या जोराने पुढे सरकू पाहतो, आणि वळणावर किंवा गाडी झटक्याने सुटताना निम्म्या वजनाएवढ्या जोराने बाजूला किंवा मागे. म्हणजे आपला कॅन ब्रेकला २५ किलोच्या जोराने धडक देतो, आणि वाटेत दुसरा कॅन असेल तर त्याच्या झाकणावर किंवा तोटीवर.

आमच्याकडे हे घडलेलं आहे. राजूर घाटात चार कॅन होते. ड्रायव्हरने ते दोराने छान आवळले होते, पण एकमेकांना. सरपणाची मोळी बांधतात तसे. गाडीला कुठेच बांधलेले नव्हते. एका वळणावर ती मोळीच्या मोळी घसरत गेली आणि फाळक्यावर आदळली. एका कॅनचं झाकण उडालं आणि फाळक्याच्या फटीतून डिझेलची धार रस्त्यावर लागली. मागून एक मोटरसायकल येत होती, नवरा-बायको आणि पुढे टाकीवर लहान मूल. ते थोडे मागे होते म्हणून वाचले. डांबरी रस्त्यावर, तेही घाटातल्या वळणावर, डिझेल सांडलं की दुचाकी उभी राहूच शकत नाही. त्या दिवसापासून बांधणीचा विषय मी ड्रायव्हरवर सोडत नाही, निघण्याआधी स्वतः हात लावून बघतो.

हौद्यात नेमकी जागा कोणती?

पुढे, कॅबिनच्या पाठीला टेकून. जोराचा धक्का बहुतेक वेळा ब्रेकचा असतो आणि तेव्हा माल पुढे जातो. पुढे आधीच भिंत असेल तर त्याला वेग घ्यायला जागाच उरत नाही. शिवाय मागून कुणी ठोकलं तर पहिला मार फाळक्याला बसतो, कॅन तिथे नकोत.

पुढे ठेवतानाही एकदा गाडीखाली वाकून बघा. सायलेन्सरचा पाइप हौद्याच्या कुठल्या बाजूने गेला आहे ते पाहा आणि कॅन दुसऱ्या बाजूला घ्या. हौद्याचा पत्रा गंजून भोकं पडलेली असतील तर हे आणखी महत्त्वाचं. गळलेलं इंधन त्याच भोकांतून तापलेल्या पाइपवर पडतं. सीएनजीवर चालणारी पिकअप असेल तर सिलिंडर आणि त्याच्या नळ्या कुठून गेल्या आहेत तेही माहीत करून घ्या.

कॅन उभाच ठेवायचा, झाकण वर. आडवा ठेवलेला कॅन कितीही चांगला असो, आतल्या इंधनाचा दाब सतत झाकणाच्या वायसरवर येतो.

बांधायचं कसं, पायरीपायरीने सांगाल का?

सांगतो, पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. आधी कॅनच्या चारही बाजूंना आडोसा द्यायचा, मग वरून बेल्ट आवळायचा. बहुतेक लोक उलटं करतात. नुसता दोर घेतात, खूप जोर लावून आवळतात आणि बाजूच्या मोकळ्या जागेचा विचारच करत नाहीत. दोर थोडा जरी ढिला पडला तरी कॅन हलायला लागतो, हलला की दोर आणखी ढिला होतो.

आडोसा कशाचाही चालतो. ट्रकचा जुना टायर आडवा टाकून त्याच्या पोकळीत कॅन उभे करणं ही आपल्याकडची सोपी आणि खरोखर चांगली पद्धत आहे. खाली सरकत नाही, बाजूने रबर, आणि खर्च शून्य. पोकळीत मोकळी जागा उरली तर बारदान गुंडाळून कोंबा. टोमॅटोचे प्लॅस्टिक क्रेट २० लिटरच्या कॅनसाठी उपयोगी पडतात, दोन लोखंडी कॅन बहुतेक क्रेटमध्ये बसतात. आपला क्रेट आणि आपला कॅन मोजून बघा. नेहमीचं काम असेल तर वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगलची चौकट करून घ्या आणि ती हौद्याच्या तळाला नटबोल्टने पक्की बसवा. आम्ही चार कॅनांची चौकट केली आहे, बोल्टखाली मोठे वायसर टाकले आहेत म्हणजे पत्रा फाटत नाही. भोक पाडण्याआधी खाली गाडीची टाकी, ब्रेकची नळी, वायर काही नाही ना याची खात्री करायची. आणि वेल्डिंग दुकानातच, चौकट हौद्याबाहेर काढून. डिझेल सांडलेल्या हौद्यात ठिणग्या उडवायच्या नाहीत.

चौकट किंवा टायर झाला की कॅनखाली रबराचा तुकडा घाला. पत्र्यावर पत्रा घसरतो, रबरावर घसरत नाही. मग बेल्ट. तो कॅनच्या मुठीतून ओवून दोन्ही बाजूंच्या हुकांना अडकवायचा. मूठ नसेल तर वरून लाकडाची फळी टाकून फळीवरून. हुक गाडीचेच असावेत, फाळक्याच्या कडीला बांधायचं नाही. ती कडी फाळका धरण्यासाठी आहे, माल धरण्यासाठी नाही. बेल्ट जितका सरळ वरून खाली उतरेल तितका कॅन तळाला दाबला जातो. तो लांबच्या हुकाला तिरपा नेला आणि तळाशी ३० अंशांचा कोन झाला, तर खाली दाबणारा जोर निम्म्यावर येतो. म्हणून जवळचा हुक घ्या.

शेवटी कॅनची मूठ धरून दोन्ही हातांनी जोरात हिसका द्या. कॅन हलून गाडी हलली नाही, तर बांधणी झालेली नाही. कॅनबरोबर गाडी हलली, तर झाली.

निघाल्यावर पहिल्या पाच-सात किलोमीटरवर थांबा आणि पुन्हा हात लावा. नवी बांधणी पहिल्या खड्ड्यांत बसते आणि बेल्ट हमखास ढिला होतो. हे थांबणं लोकांना वेळ घालवणं वाटतं. मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

बेल्टच हवा का? घरचा दोर चालणार नाही?

दोर चालतो, पण कुठला ते बघा. नायलॉनचा दोर ताणतो, पावसात भिजल्यावर आणखी. काथ्याचा दोर डिझेल पितो आणि कुजतो. निळ्या-पिवळ्या प्लॅस्टिकच्या दोऱ्या उन्हात एक उन्हाळा काढला की चुरायला लागतात, हातात घासून पाहिलं तर भुकटी निघते. अशी दोरी टाकून द्या. टायरच्या ट्यूबच्या पट्ट्या पिशव्या धरायला ठीक आहेत, ३० किलोच्या कॅनला नाहीत. रबर ताणतं, मग कॅनला उसळी मिळते.

मी रॅचेट बेल्ट, म्हणजे दांडा खालीवर करून खटखट आवळायचा पट्टा, घ्या असं सांगतो. महाग नाही, आणि किती आवळला ते हाताला कळतं. चांगल्या बेल्टवर शिवलेली पट्टी असते, तिच्यावर तो किती जोर सहन करतो ते छापलेलं असतं. पट्टीच नसेल तर तो बेल्ट नको. प्लॅस्टिकच्या कॅनवर मात्र रॅचेट सगळा जोर लावून ओढू नका. कॅन चेपतो, आतलं इंधन वर चढून झाकणावर दाब देतं. मध्ये लाकडाची फळी ठेवा.

पंपावर कॅन हौद्यातच ठेवून भरला तर? उतरवायचा, भरायचा, पुन्हा उचलायचा, कंबर मोडते.

बाकी काही विसरलात तरी हे विसरू नका: कॅन जमिनीवर उतरवूनच भरायचा. पेट्रोलचा तर नक्कीच.

कारण असं. नळीतून इंधन वेगाने वाहतं तेव्हा घर्षणाने त्यात स्थिर विद्युतभार साठत जातो. लोकरीचा स्वेटर काढताना चटचट आवाज होतो तीच गोष्ट. कॅन जमिनीवर असेल तर हा भार जमिनीत निघून जातो. पण कॅन हौद्यातल्या प्लॅस्टिकच्या आवरणावर, रबराच्या मॅटवर किंवा कोरड्या ताडपत्रीवर असेल तर भाराला वाटच राहत नाही. तो कॅनवर साठतो आणि धातूचं नोझल तोंडाजवळ आलं की ठिणगी उडते. पेट्रोलची वाफ पेटायला इतकी छोटी ठिणगी पुरते की बोटाला लागली तरी जाणवणार नाही. आणि कॅनच्या तोंडाशी त्याच क्षणी वाफच वाफ असते.

ही कल्पनेतली भीती नाही. अमेरिकेत पिकअपच्या हौद्यात प्लॅस्टिकचं आवरण बसवायची पद्धत आली, त्यावर ठेवून कॅन भरताना आगी लागल्या, आणि तिथल्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९८ मध्ये त्यावर खास इशारा काढला. आपल्याकडेही आता नव्या पिकअपमध्ये अशी आवरणं सर्रास दिसतात.

तर पद्धत अशी: इंजिन बंद. कॅन जमिनीवर. नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेलं, भरणं संपेपर्यंत टेकलेलंच. सुरुवातीला सावकाश. नोझलचा खटका काडीने अडकवून ठेवायचा नाही. नरसाळं वापरत असाल तर धातूचं, आणि नोझल त्यालाही टेकलेलं. भरून झाल्यावर झाकण तिथेच घट्ट लावा, बाहेर ओघळलेलं पुसून घ्या आणि मगच कॅन वर चढवा.

वर रबर घाला म्हटलं आणि इथे रबर नको म्हणतो, यात विरोध नाही. रबर प्रवासासाठी आहे, तेव्हा झाकण बंद असतं. भरताना आणि ओतताना कॅन जमिनीवर हवा.

कंबरेचं म्हणाल तर ३५ लिटरचे कॅन सोडा आणि २० लिटरचे घ्या. एका माणसाला उचलण्यासारखं वजन तेवढंच आहे.

डिझेल काडी टाकली तरी पेटत नाही म्हणतात. मग एवढी काळजी कशाला?

थंडीतल्या सकाळी ते बरंचसं खरं आहे. पण आपल्या भागातल्या उन्हाळ्यात नाही.

इंधनावर पेटण्याजोगी वाफ तयार व्हायला ते ठरावीक तापमानापर्यंत तापावं लागतं, त्याला ज्वलनबिंदू म्हणतात. पेट्रोलचा हा बिंदू उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, म्हणजे ते कायमच पेटायला तयार. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा ज्वलनबिंदू किमान ३५ अंश असावा लागतो. आता अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी इथला मे महिना आठवा. सावलीत ४५ अंश, आणि उन्हात उभ्या पिकअपचा पत्रा तर हात ठेववत नाही इतका तापलेला. अशा पत्र्यावर दोन तास ठेवलेलं डिझेल ३५ च्या पुढे सहज गेलेलं असू शकतं. डिसेंबरात ज्याने काडी विझली तेच मे महिन्यात काडी पकडेल. पुण्याचा किंवा महाबळेश्वरचा अनुभव विदर्भात लावू नका.

पेट्रोल किती नेता येतं?

पेट्रोलियम कायदा, १९३४ प्रमाणे विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय जवळ बाळगण्याची किंवा नेण्याची मर्यादा एकूण ३० लिटर आहे. त्यासाठीची भांडीही कायद्यात सांगितली आहेत: घट्ट बुचाची काचेची किंवा चिनी मातीची असतील तर १ लिटरपर्यंत, धातूची असतील तर २५ लिटरपर्यंत. त्या यादीत प्लॅस्टिक नाही. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल मागितल्यावर पंपावरचा मुलगा नाही म्हणतो तेव्हा त्याच्याशी भांडू नका, तो बरोबर आहे. शिवाय सुट्या पेट्रोलविक्रीवर जिल्हा प्रशासनाचे वेळोवेळी वेगळे आदेश असतात.

आणि डिझेल?

डिझेल त्याच कायद्यात ब वर्गात, म्हणजे पेट्रोलपेक्षा उशिरा पेटणाऱ्या इंधनांत मोडतं. एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि एकही भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल तर या कायद्याखाली परवाना लागत नाही. शेतकऱ्याची गरज यात आरामात बसते. पण पिकअप किती वजन नेऊ शकते हा हिशेब वेगळा, तो आरसी बुकात बघा. या सगळ्याचं नियमन करणाऱ्या पेट्रोलियम तथा विस्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. मोठा साठा करायचा असेल तर परवान्याचं काम त्यांच्याकडचं.

रोज दोन-तीनशे लिटर लागत असेल तर कॅनचा खटाटोप सोडून डिझेल जागेवर आणून देणाऱ्या मान्यताप्राप्त गाड्यांची चौकशी करा. २०१८ मध्ये ही सोय पुण्यातून सुरू झाली, आता बऱ्याच ठिकाणी मिळते.

कॅन कुठला घ्यावा?

पेट्रोलला लोखंडी, घट्ट बुचाचा, इंधनासाठीच बनवलेला. २० लिटरचा जो चपटा, तीन मुठींचा कॅन मिळतो, त्याची घडण मूळ १९३० च्या दशकातली, जर्मन सैन्यासाठी केलेली. ब्रिटिश सैनिक जर्मनांना ‘जेरी’ म्हणत, म्हणून त्याला जेरी कॅन म्हणतात. तीन मुठी शोभेच्या नाहीत. मधली मूठ धरून एकट्याने उचलता येतो, बाजूच्या मुठी धरून दोघांना नेता येतो, आणि रिकामे दोन कॅन एका हातात मावतात. बाजूच्या पत्र्यावरची खोलगट नक्षी इंधन फुगलं तर पत्र्याला थोडं पसरू देते. इतक्या वर्षांत यात कुणाला फारसा बदल करावा लागला नाही.

डिझेलला जाड प्लॅस्टिकचा कॅन चालतो, पण तो डिझेलचाच असावा. खाद्यतेलाचे पातळ डबे, पाण्याचे जार, ॲसिडचे कॅन आणि विशेषतः फवारणीच्या औषधांचे कॅन नकोत. उन्हात राहून पांढरट पडलेला, नखाने दाबला तर करकरणारा कॅन बाद समजा. दर वर्षी हंगामाआधी सगळे कॅन पाणी भरून उलटे करून बघा, मग पूर्ण वाळवा. आणि कॅनवर मोठ्या अक्षरात रंगाने लिहा, डिझेल की पेट्रोल. अंधारात घाईने चुकीचा कॅन टाकीत ओतला गेला तर इंजिनचं काम निघतं.

ऊन असलं की वाफ निघून जावी म्हणून झाकण थोडं ढिलं ठेवतात. बरोबर का?

अजिबात नाही. ढिल्या झाकणातून वाफ निघते आणि ती हौद्यातच राहते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती वर जात नाही, पाण्यासारखी खाली तळाला साचते. वाटेत कुणी बिडी पेटवली की झालं.

उपाय म्हणजे झाकण घट्ट आणि कॅन थोडा ऊणा. तापमान २० अंशांनी चढलं की २० लिटर पेट्रोल जवळजवळ ४०० मिलिलिटरने फुगतं. तेवढी जागा आत हवी. २० च्या कॅनमध्ये १९ भरा, डिझेलच्या ३५ च्या कॅनमध्ये ३३. उघडताना सावलीत, तोंड बाजूला ठेवून, सावकाश फिरवा. फुस्स आवाज थांबला की पूर्ण उघडा.

झाकणाखाली पिशवीचा तुकडा घालायची सवय फार जुनी आहे. त्याने गळती थांबत नाही. पेट्रोलने तो तुकडा फुगतो, मऊ होतो आणि सरकतो. वायसर बदला. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या साध्या रबराला ते लवकर खातं. नायट्राइल रबराचा वायसर मागा.

ताडपत्री झाकावी का?

सावलीसाठी हो, पण गुंडाळून बंद करू नका. खालच्या बाजूने वारा खेळता राहू द्या. हौद्याच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, ती चिखलाने बुजलेली असतील तर मोकळी करा, जड वाफही तिथूनच निघते. काळ्या ताडपत्रीपेक्षा पांढरी किंवा चंदेरी चांगली. वर पूर्ण बंद टप बसवलेल्या गाडीत पेट्रोल नेऊ नका.

२०० लिटरचं बॅरल न्यायचं असेल तर?

भरलेलं बॅरल १८५ किलोच्या आसपास जातं. ते उभंच न्या, बुचं वर, कॅबिनला टेकून, बुडाला टायर किंवा ठोकलेल्या लाकडी पट्ट्या, आणि दोन बेल्ट. एक बेल्ट तुटला तरी दुसरा हवा. अर्धं भरलेलं बॅरल भरलेल्यापेक्षा जास्त त्रास देतं, कारण आतलं डिझेल वळणावर एका बाजूला लोटतं आणि परत येतं, त्या लाटेचा धक्का बेल्टला बसतो.

भरलेलं बॅरल हौद्यातून टायरवर ढकलून उतरवतात. असं करू नका. बॅरल वरच राहू द्या आणि फिरवायच्या हातपंपाने डिझेल काढा.

पावसाळ्यात एक गोष्ट लक्षात ठेवा. उभ्या बॅरलच्या वरच्या खोलगट पत्र्यावर पाणी साचतं. दिवसा बॅरल तापतं, रात्री गार होऊन आत हवा ओढतं, आणि बुच किंचित जरी सैल असलं तरी हवेबरोबर ते पाणीही आत जातं. मग इंजिन बंद पडलं की आपण पंपाला दोष देतो. प्रवासात ताडपत्री, घरी आल्यावर छपराखाली.

एकच छोटा कॅन आहे, कॅबिनमध्ये पायाशी ठेवला तर?

नको. बंद कॅबिनमधली वाफ डोकं गरगरायला लावते, आणि आपल्या बहुतेक गाड्यांत सकाळी देवापुढे उदबत्ती लावलेली असते. एसटीत आणि रेल्वेतही इंधन नेता येत नाही. हौद्यात कॅन असताना तिथे मजूर बसवू नका. मालवाहू हौद्यात माणसं नेणं तसंही बेकायदा आहे, आणि कॅनावर बसलेला माणूस अपघातात पहिला सापडतो.

सोबत दुसरा माल चालेल का?

टिकाव, फावडी, नांगराचे फाळ असं धारदार लोखंड कॅनजवळ मोकळं नको. बॅटरी नेत असाल तर दुसऱ्या टोकाला, उभी बांधून, टोकांवर रबर लावून. ब्लीचिंग पावडर अजिबात एकत्र नको, इंधनाशी संयोग झाला तर ती आपोआप तापून पेटू शकते. धान्य, पेंड, भाजी यांना डिझेलचा वास लागला की तो जात नाही.

शेतात पोचल्यावर पाइपने तोंडाने ओढून डिझेल काढतो. सगळेच काढतात.

काढतात, मलाही ठाऊक आहे, आणि मला याचीच सगळ्यात जास्त चीड आहे. डिझेल किंवा पेट्रोल पोटात गेलं तर त्रास होतोच, पण खरा धोका ते श्वासाबरोबर फुप्फुसात जाण्याचा. चमचाभर गेलं तरी फुप्फुसाला सूज येते, न्यूमोनियासारखा आजार होतो, माणूस दगावूही शकतो. सुरुवातीला नुसता खोकला येतो, म्हणून कुणी मनावर घेत नाही.

कुणाच्या पोटात गेलं तर उलटी काढायला लावू नका. मीठ-पाणी नाही, घशात बोट नाही. उलटीबरोबर तेच इंधन पुन्हा श्वासनलिकेत जातं. सरळ दवाखाना गाठा.

दाबायच्या रबरी फुग्याचा हातपंप किंवा हलवून चालू होणारा पितळी तोंडाचा पाइप कुठल्याही शेती अवजारांच्या दुकानात मिळतो. तो गाडीतच ठेवा, म्हणजे पोरांना तोंड लावायची वेळ येणार नाही.

वाटेत गळती दिसली किंवा पेट घेतला तर?

गळती दिसली की गाडी वस्तीपासून आणि चुलीपासून दूर, मोकळ्या जागी घ्या, इंजिन बंद करा. कॅन सरळ करून झाकण आवळा, फुटला असेल तर रिकाम्या कॅनमध्ये ओता. म्हणून एक रिकामा कॅन सोबत ठेवतो. सांडलेल्यावर कोरडी माती किंवा वाळू टाका, पाणी मारून गटारात किंवा ओढ्यात लोटू नका. रस्त्यावर सांडलं असेल तर माती पसरा आणि मागच्यांना हात दाखवायला एक माणूस उभा करा. कपड्यांवर पडलं असेल तर ते बदलल्याशिवाय काडीजवळ जायचं नाही.

गाडीत ड्राय पावडरचं अग्निशामक हवं, चार किंवा सहा किलोचं, आणि ते कॅबिनमध्ये हाताशी. हौद्यात कॅनांच्या मागे ठेवलं तर आग लागल्यावर काढणार कसं? पेटलेल्या इंधनावर पाणी टाकू नका, इंधन पाण्यावर तरंगत पसरतं. फवारा ज्वाळेच्या बुडाशी मारा, वाऱ्याकडे पाठ करून. पहिल्या काही सेकंदांत आग आटोक्यात आली नाही तर गाडी सोडा, लांब पळा, ११२ किंवा १०१ ला फोन करा. गाडीचा विमा मिळतो.

परत येताना रिकामे कॅन तसेच टाकले तर चालेल ना?

नाही. पेट्रोलचा रिकामा कॅन भरलेल्यापेक्षा वाईट असतो. भरलेल्यात वाफेला जागा कमी असते आणि पेटायला लागणारी हवाही. रिकाम्यात तळाशी दोन चमचे राहिलेले असतात, वर सगळी वाफ आणि हवा, नेमक्या पेटण्याच्या प्रमाणात येऊ शकते अशी. झाकण लावा, बेल्ट लावा, जाताना बांधला तसाच. हलका असल्याने तो खड्ड्यात जास्त उसळतो. आणि जुन्या कॅनला गळती आहे म्हणून वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका, आतली वाफ धुऊनही सहजासहजी जात नाही. प्लॅस्टिकचा असेल तर तो कॅन सुऱ्याने आडवा चिरून भंगारात द्या, म्हणजे दुसरा कुणी त्यात पुन्हा इंधन भरणार नाही. लोखंडी असेल तर तोंडापर्यंत पाणी भरून, बुच काढून, भंगारवाल्याला पेट्रोलचा आहे असं स्पष्ट सांगून द्या, कारण तो गॅस कटर लावणार असतो.